रात्री अडीचचा मेल : पीएचडीच्या अर्जांच्या काळजीचं एक प्रकरण

पुण्यात पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर समुपदेशनाचं काम करताना सप्टेंबर ते एप्रिल हा काळ वेगळा जातो. परदेशी विद्यापीठांचे अर्ज, नेट-गेटसारख्या परीक्षा, मुलाखती, सगळं याच महिन्यांत येतं. इथे मांडलेलं प्रकरण २०२४-२५ च्या प्रवेशफेरीतलं आहे. ते लिहायला त्या विद्यार्थिनीची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हेच प्रकरण निवडण्याचं कारण म्हणजे या मुलीची काळजी बाहेरून बघणाऱ्याला मेहनत वाटत होती. तिच्या मैत्रिणींना वाटत होती, वडिलांना वाटत होती, तिला स्वतःलाही वाटत होती.

आली तेव्हा

वय तेवीस, एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र, दुसरं वर्ष, अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज करायच्या तयारीत. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई घरी, धाकटा भाऊ अकरावीत. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणं, दोन वेळची मेस आणि रात्री जवळच्या अभ्यासिकेत बसणं. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट मुठा नदीच्या पाण्यातल्या, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर होता. त्याबद्दल बोलायला लागली की तिचा आवाज बदलायचा, वाक्यं पूर्ण व्हायची. बाकी वेळी ती वाक्य अर्ध्यात सोडून "पण समजा..." अशी सुरुवात करायची.

तक्रार झोपेची होती. साडेअकराला पडायचं, अडीचच्या सुमाराला जाग, मग फोन हातात. छातीत धडधड, पोटात गोळा, मेसच्या ताटातलं निम्मं परत. प्रयोगशाळेत एकदा जिवाणू वाढवायच्या प्लेटांवर चुकीच्या खुणा केल्या आणि आठवड्याचं काम वाया गेलं, तेव्हा मैत्रिणीनं तिला माझ्याकडे आणलं.

पहिल्या भेटीत जीएडी-७ ही चिंता मोजायची प्रश्नावली भरून घेतली. सात प्रश्न, शून्य ते एकवीस गुण. दहाच्या पुढे सविस्तर तपासणी करावी, पंधराच्या पुढे चिंता तीव्र मानावी, असा प्रश्नावलीचा संकेत. मुलीचे सोळा आले. स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे मी सरळ विचारलं. येत नव्हते. तरीही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिच्या फोनमध्ये माझ्यासमोर साठवून घेतला, कारण रात्री अडीचला मी नसते. निदानाचा शिक्का मारला नाही. सामान्यीकृत चिंता विकार म्हणायला त्रास किमान सहा महिने असावा लागतो. हिचा जूनअखेरीस सुरू झाला होता, सहा महिने भरले नव्हते. फॅमिली डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. धडधड मनाचीच आहे असं गृहीत धरून चालत नाही. महिन्याभरात फरक पडला नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं, हेही तेव्हाच ठरलं. ती वेळ आली नाही.

मेहनत कुठली, काळजी कुठली

तिला दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. अर्जासाठी जे काही केलं त्याची वेळ लिहायची आणि समोर एवढंच : या तासानंतर अर्ज पुढे सरकला का?

वही घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. दिवसाचे चार-पाच तास "अर्जाचं काम" चाललं होतं आणि त्यातला जेमतेम तासभर अर्जाला लागत होता. बाकीचा वेळ गेल्या वर्षी कुणाला किती सीजीपीएवर कुठे प्रवेश मिळाला ते वाचण्यात, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर इतरांच्या याद्या बघण्यात, विद्यापीठांच्या तक्त्यात नवनवे रकाने घालण्यात जायचा. एसओपी, म्हणजे अर्जासोबत द्यायचं स्वतःबद्दलचं निवेदन, अकरा जणांना वाचायला दिली होती. एक म्हणे बालपणापासून सुरुवात कर, दुसरा म्हणे बालपण काढून टाक. ती दोघांचंही ऐकत होती आणि रोज रात्री पहिला परिच्छेद नव्यानं लिहीत होती. दुसरा परिच्छेद ऑगस्टपासून तसाच होता.

सगळ्यात जास्त वेळ जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या शब्दांना जात होता. अभ्यासिकेत रात्री दहा ते साडेअकरा, शब्दांच्या याद्या. मी तिला एकच काम दिलं : यादीतल्या प्रत्येक विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन जीआरई मागतात का ते बघ. अमेरिकेत २०१८ च्या आसपास जीवशास्त्राच्या पीएचडी विभागांनी ही परीक्षा सोडायला सुरुवात केली आणि करोनाच्या काळात बहुतेकांनी सोडली. तिच्या सात विभागांपैकी सहांना जीआरई नको होती, सातव्यानं ऐच्छिक ठेवली होती. परीक्षेचे वीस हजारांहून जास्त रुपये वडिलांकडून मागायचे होते, तीही एक काळजी होतीच. ती परीक्षा आम्ही त्या दिवशी यादीतून काढली. "मग मी रात्री काय करू?" हा तिचा पहिला प्रश्न होता. या प्रश्नापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. शब्द पाठ करताना निदान काहीतरी हातात असल्यासारखं वाटायचं. ते गेलं की उरायचं ते निव्वळ न कळणं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मिशेल ड्युगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून यावरच काम केलं आहे. अति काळजी करणाऱ्या माणसाला संकटापेक्षा अनिश्चितता जास्त असह्य होते. मग तो माहिती गोळा करतो, पुन्हा पुन्हा तपासतो, चार जणांना "होईल ना गं?" असं विचारतो. त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटायला जास्त विचारावं लागतं. हे मी तिला तिच्याच वहीतून दाखवलं. "होईल ना" हा प्रश्न तिनं एका आठवड्यात रूममेटला, दोन सीनियरना, आत्याला आणि मेसच्या काकूंनासुद्धा विचारला होता. सगळे हो म्हणाले होते.

रात्रीचे अडीच

जाग नेमकी अडीचलाच का येते, याचं उत्तर घड्याळात होतं. हिवाळ्यात न्यूयॉर्क पुण्याच्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. आपले रात्रीचे अडीच म्हणजे तिकडचे दुपारचे चार-पाच, कचेऱ्या चालू, मेल सुटण्याची वेळ. सीनियर मुलांना उत्तरं रात्रीच आली होती, हे तिनं ऐकलेलं. शरीरानं ती वेळ पकडून ठेवली.

आम्ही हिशेब मांडला. पुण्यात सकाळी साडेसातला मेल उघडला तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा. म्हणजे तिकडच्या कार्यालयीन दिवसात जे यायचं ते येऊन गेलेलं असतं. सकाळी एकदा बघितलं की त्या दिवसाचं सगळं बघून झालं. हा हिशेब तिला फार आवडला, कारण त्यात कुणाचा धीर नव्हता, गणित होतं. फोन रात्री रूममेटच्या टेबलावर ठेवायचा, गजराला अप्पा बळवंत चौकातून साधं घड्याळ आणायचं. पहिले काही दिवस ती अडीचला उठून नुसती बसून राहिली. पंधरवड्यानंतर जाग येऊनही परत झोप लागायला लागली.

दुसरा उपाय जुना आहे. १९८३ मध्ये थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी काळजीसाठी दिवसातला ठरावीक अर्धा तास आणि ठरावीक जागा राखण्याची पद्धत मांडली. एरवी काळजी आली की नोंदवायची आणि त्या वेळेवर ढकलायची. जागा अंथरुणाची नको, अभ्यासाचीही नको. तिनं संभाजी उद्यानातला एक बाक निवडला, संध्याकाळी साडेसहा ते सात. तिथं बसून दिवसभराच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येकीला विचारायचं : यावर मला या आठवड्यात काही करता येईल का? येत असेल तर काय आणि कधी, ते लिहायचं. येत नसेल तर तशीच राहू द्यायची, उत्तर शोधायचं नाही. "तशीच राहू द्यायची" हा भाग तिला नोव्हेंबर उलटेपर्यंत जमला नाही, आणि मला त्याची घाई नव्हती.

सरांचं पत्र

तीन शिफारसपत्रं हवी होती. दोन मार्गी लागली होती. तिसरं ज्या सरांकडे प्रोजेक्ट केला त्यांचं, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं. सर म्हणाले होते, "मसुदा तूच कर, मी सही करतो."

आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की त्यात अडचण आहे असं कुणाला वाटत नाही. तिला वाटली, आणि तिचं बरोबर होतं. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जात बहुधा एक रकाना असतो : हे पत्र बघण्याचा माझा हक्क मी सोडते. बहुतेक विद्यार्थी त्यावर खूण करतात, कारण गोपनीय पत्राला वजन असतं. पत्राची लिंक थेट शिक्षकांच्या ईमेलवर जाते, आणि तोही संस्थेचा अधिकृत पत्ता असावा अशी अपेक्षा असते. एकीकडे पत्र बघणार नाही असं लिहून द्यायचं आणि दुसरीकडे तेच पत्र आपण लिहायचं. शिवाय स्वतःच्या हातानं "अत्यंत बुद्धिमान" असं लिहायला तिचा हात धजत नव्हता. जुलैपासून ती सरांना टाळत होती आणि रोज रात्री त्यांना पाठवायचा मेसेज लिहून पुसत होती.

शिक्षकांवर माझा राग नाही. साठ-सत्तर मुलांचे वर्ग, प्रॅक्टिकल, मूल्यांकनाचे कागद, आणि त्यात प्रत्येक मुलाच्या सात-आठ लिंका. पण मुलांना याचा किती ताण येतो ते त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण मुलं सांगत नाहीत.

आम्ही खोलीत सराव केला. मी सर झाले, ती ती. सुरुवातीला तिची वाक्यं माफीनंच सुरू होत होती : "सर, सॉरी, तुम्ही बिझी असाल, पण जर शक्य असेल तर..." त्यातली माफी एकेक करून काढली, आदर ठेवला. शेवटी मेसेज असा झाला : "सर, नमस्कार. पहिली मुदत १ डिसेंबरची आहे. पत्राचा मसुदा मी लिहिणं योग्य ठरणार नाही असं मला वाटतं. प्रोजेक्टमध्ये मी काय काय केलं ते मुद्दे एका पानावर आणते. तुम्हाला पंधरा मिनिटं कधी देता येतील?"

पाठवण्याआधी तिनं भाकीत लिहून ठेवलं : सर चिडतील, पत्रच देणार नाहीत. सरांचं उत्तर तासाभरात आलं : "गुरुवारी प्रॅक्टिकलनंतर ये." गुरुवारी त्यांनी पान वाचलं, दोन प्रश्न विचारले, पावसाळ्यात नदीचं पाणी वाढलेलं असताना तिनं नमुने कसे घेतले ते त्यांना स्वतःहून आठवलं, आणि पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. भाकिताच्या शेजारी तिनं हे सगळं लिहून ठेवलं. प्रत्येक वेळी असं होईल असं नाही. सर नाही म्हणाले असते तर दुसऱ्या मॅडमचं नाव आम्ही तयार ठेवलं होतं.

वडील, आणि मग आई

वडिलांचा फोन रोज रात्री नऊला. "काय म्हणतायत अमेरिकावाले?" अर्ज गेलेलेही नव्हते तेव्हापासून हा प्रश्न होता. शाळेतल्या सहकाऱ्यांना त्यांनी सांगून टाकलं होतं, गावात विचारणा सुरू झाली होती. अर्जांच्या शुल्कासाठी, दर विद्यापीठाला साधारण ७५ ते १२५ डॉलर, त्यांनी पन्नास हजारांच्या वर बाजूला काढले होते. एक ठेव मोडली होती. एका विद्यापीठाकडे तिनं शुल्कमाफी मागितली आणि ती मिळालीही; तरी आकडा मोठाच होता.

नोव्हेंबरमध्ये तिच्या संमतीनं त्यांना बोलावलं. सकाळच्या एसटीनं स्वारगेटला उतरून आले. मला वाटलं होतं त्यांना प्रश्न थांबवायला सांगावं लागेल. सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मॅडम, मी विचारायचं बंद केलं तर तिला वाटंल, बापाला काय पडलंच नाही." मुलगी रडायला लागली. तिला प्रश्न हवा होता, रोजचा नको होता. ठरलं ते असं : अर्जांचं बोलणं रविवारी, बाकी दिवशी भावाचा अभ्यास, शाळा, शेजारपाजार, काहीही. गावातल्या लोकांना "मार्चशिवाय काय कळत नाय" असं ते सांगणार. ते त्यांनी पाळलं.

पण या प्रकरणातली मुख्य गाठ इथे नव्हती. वहीत प्रवेश न मिळण्याबद्दल पानंच्या पानं होती. मिळाल्यावर काय, याबद्दल एक ओळही नव्हती. मी एकदा सहज विचारलं, "समज, आज रात्रीच मेल आला. मिळाला प्रवेश. मग?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग जावं लागेल."

अमेरिकेतल्या पीएचडीला जीवशास्त्रात सहसा शुल्क माफ असतं, विद्यावेतन आणि आरोग्य विमा मिळतो, म्हणून कर्जाचा प्रश्न नव्हता. प्रश्न पाच-सहा वर्षांचा होता. आईचे गुडघे दोन वर्षांपासून दुखत होते, शस्त्रक्रिया पुढे ढकलली जात होती, भाऊ बारावीनंतर बाहेर पडणार. अर्ज हा वडिलांचा आणि मुलीचा विषय झाला होता. आईला कुणी विचारलंच नव्हतं. प्रवेश मिळेल की नाही या काळजीनं तिला एका दुसऱ्या प्रश्नापासून लांब ठेवलं होतं : मला जायचं आहे का, आणि गेले तर घराचं काय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिकडच्या समितीच्या हातात होतं. दुसऱ्याचं तिला स्वतःला शोधावं लागणार होतं. रात्री अडीचला पहिला प्रश्न घेऊन बसणं तिला सोपं जात होतं.

दिवाळी होऊन गेली होती, तरी ती मुद्दाम दोन दिवस गावाला गेली आणि आईशी बोलली. आईचं म्हणणं तिनं मला जसंच्या तसं सांगितलं : "मला विचारलंस, बरं वाटलं. पाच वर्षं मोठी हायेत. पण हितं राहून रात्र रात्र जागणार असशील तर ती बी मोठीच हायेत." गुडघ्याची तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीतली, ती इथे असतानाची, घ्यायची ठरली. परत आल्यावर तिनं आणखी एक गोष्ट केली, जी मी सुचवली नव्हती. देशातच संशोधन करण्यासाठीच्या सीएसआयआर-नेट या परीक्षेचा अर्ज "प्लॅन बी" म्हणून भरायचा विचार ती टाळत होती. तो मनापासून भरायचं तिनं आता ठरवलं. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि पुण्यातच पाषाणला आयसर किंवा एनसीएलसारखी संशोधन संस्था. तिला ते आयुष्यही आवडेल, हे तिनं पहिल्यांदा बोलून दाखवलं.

एसओपी मग आठवड्यात पूर्ण झाली. वाचणारे दोनच : सर आणि पीएचडी करत असलेली एक सीनियर. सुरुवात बालपणापासून नव्हती, मुठेच्या पाण्यापासून होती. १ डिसेंबरची मुदत पूर्व किनाऱ्याच्या मध्यरात्रीची, म्हणजे आपल्याकडे २ तारखेच्या सकाळी साडेदहापर्यंत. तिनं २८ नोव्हेंबरलाच पाच अर्ज पाठवले, उरलेले दोन पुढच्या आठवड्यात. डिसेंबरच्या मध्यावर जीएडी-७ चे गुण सात होते.

काळजी खरी ठरली तेव्हा

इथे प्रकरण संपलं असतं तर मी ते लिहिलं नसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन ऑनलाइन मुलाखती झाल्या, चांगल्या झाल्या. त्याच महिन्यात अमेरिकेत एनआयएच या आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेच्या अनुदानांवर कात्रीची घोषणा झाली. प्रकरण न्यायालयात गेलं, पण विद्यापीठांनी हात आखडते घेतले. जीववैद्यकाच्या कित्येक विभागांनी त्या वर्षीचे प्रवेश कमी केले किंवा थांबवले; एका वैद्यकीय विद्यापीठानं दिलेले प्रवेशही मागे घेतले. तिची मुलाखत घेतलेल्या एका विभागानं यंदा आणखी कुणाला घेणार नाही असं कळवलं. गुण पुन्हा बारावर गेले.

"काळजी करू नकोस" म्हणण्याला अशा वेळी काहीच अर्थ नसतो. तिची भीती वास्तवाला धरून होती. मी तेवढंच म्हटलं, आणि ज्या पद्धतीनं काम केलं होतं तीच चालू ठेवली. बातम्या बाकावरच्या अर्ध्या तासात, एका ठिकाणाहून. त्या आठवड्यात करण्यासारखं एकच होतं, फेब्रुवारीअखेरीची नेट, आणि तिनं तो अभ्यास केला. झोप पूर्वीसारखी बिघडली नाही. हे मला गुणांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मार्चमध्ये दुसऱ्या मुलाखतीच्या विभागाकडून विद्यावेतनासह प्रवेश आला. उरलेल्या पाच ठिकाणी नकार. अमेरिकेत बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलचा करार पाळतात : विद्यावेतन देऊ केलेल्या विद्यार्थ्याला त्या तारखेपर्यंत विचार करायला वेळ मिळतो, आधी उत्तर दे असा दबाव आणता येत नाही. तिनं तो वेळ घेतला. वडिलांना लगेच होकार कळवायचा होता, ती म्हणाली, "बाबा, तारीख आहे ना." विभागाला तिनं सरळ विचारलं की विद्यावेतन किती वर्षांसाठी नक्की आहे आणि मार्गदर्शकाचं अनुदान बंद झालं तर काय. उत्तर लेखी आलं. मग आईशी, वडिलांशी, सरांशी बोलून १२ एप्रिलला होकार दिला.

मे महिन्यात आईची शस्त्रक्रिया झाली. २७ मेला अमेरिकी विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींसाठी नव्या वेळा देणं जगभर थांबलं आणि १८ जूनला पुन्हा सुरू झालं. मधल्या दिवसांत ती मला भेटायला आली नाही, फोनवर बोलली. मी विचारण्याआधीच तिनं विद्यापीठाला लिहिलं होतं : व्हिसा वेळेत मिळाला नाही तर प्रवेश पुढच्या सत्रावर नेता येईल का? नेता येईल असं उत्तर होतं. ते आल्यावर त्या विषयावर आता करण्यासारखं काही नाही असं वहीत लिहिलं आणि आईचे व्यायाम करून घ्यायला लागली.

तिची मुंबईतली मुलाखत जुलैत झाली आणि व्हिसा मिळाला. आमच्या भेटी त्याआधीच थांबल्या होत्या. शेवटच्या फोनवर आम्ही एवढंच ठरवलं की तिकडे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यातच, त्रास सुरू होण्याची वाट न बघता, विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात नाव नोंदवायचं, आणि घरी फोन रविवारीच नव्हे तर मनाला येईल तेव्हा करायचा.